बटणावर चालणारी मोटारीची काच
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या वक्त्या बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी असे ठरविले की, आपल्यातल्याच चौघीजणींनी आपापल्या माहितीतला एकेक विषय सांगावा. एकीने मसाल्यांवर सांगितले, दुसरीने भिशीच्या हिशेबावर. माझ्या नावापुढे ‘मोटारीची काच’ असे वाचून पुष्कळजणींना हसू आले, आणि ते साहजिकच आहे. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. मोटार चालविणे मला येत नाही. परंतु आमचे धाकटे भाऊजी मोटारींच्या वायरिंगचे काम करतात आणि त्यांचे दुकान आमच्या ओट्याला लागूनच आहे. वीस वर्षे झाली, ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता मी मोटारींची उघडी पडलेली दारे पाहत आले आहे. प्रश्न विचारला तर भाऊजी हातातले काम न थांबविता उत्तर देतात, आणि नीट देतात. त्यातून जे समजले तेच आज तुमच्यापुढे मांडते.

हा विषय बायकांनी कशाला ऐकायचा, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण असे. जिच्या घरी मोटार नाही तीसुद्धा लग्नाला, दवाखान्यात, देवदर्शनाला भाड्याच्या गाडीतून जातेच. पुढे पुरुषमंडळी बसतात आणि मागे मुलांना घेऊन बसणारी बहुधा आपणच असतो. ज्या बटणाने काच वरखाली होते ते बटण मुलाच्या हाताशीच असते. तेव्हा त्या बटणामागे काय चालते, हे पुढे बसणाऱ्यापेक्षा मागे बसणारीलाच अधिक ठाऊक असले पाहिजे.

बोलताना एक घोटाळा होतो, तो आधीच मिटविते. वाहनाला आपण मोटार म्हणतो आणि आतल्या विजेच्या यंत्रालाही मोटर म्हणतो. म्हणून यापुढे मी वाहनाला ‘गाडी’ म्हणेन आणि यंत्राला ‘मोटर’.

पूर्वी गाडीच्या दाराला आतून हँडल असे. ते गरगर फिरविले की काच वर, उलटे फिरविले की खाली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तिच्या हँडलला किती जोर लावावा लागे हे जिने लावला तिलाच माहीत! पण त्या हँडलचा एक मोठा गुण होता. काचेत काही अडकले तर हाताला ते लगेच कळे आणि हात आपोआप थांबे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

हात न लावता काच चढविण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० साली आपल्या महागड्या गाड्यांना अशा काचा दिल्या. त्या तेलाच्या दाबावर चालत. तेलाच्या नळ्या, पंप असा सारा खटाटोप असे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तेल गेले आणि दारादारात छोटी विजेची मोटर आली. जर्मनीत १९६३ साली ब्रोझे नावाच्या कंपनीने बी. एम. डब्ल्यू. गाडीसाठी विजेवर चालणारी काच तयार केली. त्या काळी ही श्रीमंतांची चैन होती. आज लहानात लहान गाडीलाही ती येते.

आता दाराच्या पोटात काय असते ते पाहू. दाराच्या आतल्या बाजूचे पॅड चार-पाच स्क्रू आणि काही चापे काढले की निघते. त्याच्यामागे प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकटविलेला असतो. तो बाजूला केला की आतली पोकळी दिसते. उघडी काच खाली जाते ती याच पोकळीत. काचेच्या दोन्ही बाजूंना रबर आणि मखमलीसारखे अस्तर लावलेली उभी खोबण असते. आपल्या सरकत्या दाराच्या कपाटाला जशी खोबण असते तशी, फक्त ही उभी. काचेचा खालचा काठ एका पट्टीत पकडलेला असतो आणि ही पट्टी वर-खाली करणारे जे यंत्र, त्याला गॅरेजात सरळ ‘काचेचे मशीन’ म्हणतात.

हे मशीन मुख्यतः दोन तऱ्हेचे असते. एक कात्रीच्या तऱ्हेचे. दोन लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या मध्ये खिळविलेल्या असतात. एका पट्टीला अर्धचंद्राकार दातेरी पत्रा असतो. तो फिरला की कात्रीची उंची वाढते आणि काच वर उचलली जाते. कपडे वाळत घालण्याचा घडीचा स्टँड आपण मिटवून उंच करतो, त्यातलाच हा प्रकार. दुसरी तऱ्हा दोरीची. दोरी म्हणजे पोलादी बारीक केबल. ती एका गोल फिरकीला गुंडाळलेली असते आणि वर-खाली दोन चाकांवरून गेलेली असते. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा चढविताना दोरीची एक बाजू खाली ओढली की झेंडा वर जातो, अगदी तसेच. फिरकी एका बाजूला फिरली की काच चढते, दुसऱ्या बाजूला फिरली की उतरते. हल्ली बहुतेक छोट्या गाड्यांत ही दोरीचीच तऱ्हा असते, कारण ती वजनाला हलकी.

कात्री असो की दोरी, तिला फिरविणारी मोटर एकच. ही आपल्या मुठीत मावेल एवढी असते आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. आता एवढीशी मोटर एवढी जड काच कशी उचलते? याचे उत्तर आपल्या फराळाच्या डब्याशेजारी ठेवलेले आहे. चकलीचा फिरकीचा सोऱ्या आठवा. आपण वरचा दांडा फिरवितो, त्याच्या मळसूत्रावर दट्ट्या हळूहळू खाली उतरतो आणि घट्ट पीठसुद्धा जाळीतून बाहेर पडते. तेच पीठ नुसत्या हाताने दाबून काढू म्हटले तर मनगट दुखून येईल. मळसूत्र वेग घेते आणि त्याच्या बदल्यात जोर देते.

मोटरीतही असेच एक मळसूत्र आहे. मोटर भराभर फिरते. तिच्या दांड्यावर कोरलेले मळसूत्र एका दातेरी चाकाला लागते. मळसूत्राचा एक पुरा फेरा झाला की चाक फक्त एक दात सरकते. समजा, चाकाला साठ दाते आहेत, तर मोटरीचे साठ फेरे होतील तेव्हा चाकाचा एक फेरा होईल. वेग साठ पटीने कमी झाला आणि जोर पुष्कळ वाढला. म्हणून मूठभर मोटर काच सहज उचलते.

आता सोऱ्याचा दुसरा गुण पाहा. दांडा फिरवून दट्ट्या खाली नेता येतो. पण खालून दट्ट्या वर ढकलून दांडा उलटा फिरविता येईल का? कितीही जोर लावा, तो फिरत नाही. मोटरीच्या मळसूत्राचेही तेच. मोटरीने काच हलते, पण काचेने मोटर हलत नाही. म्हणूनच बंद गाडीची काच चोराला बाहेरून हाताने दाबून खाली करता येत नाही, आणि खड्ड्यातून गाडी आदळत गेली तरी काच आपल्याआप घसरत नाही. मोठी सोयीची गोष्ट आहे ही.

परंतु भगिनींनो, जी गोष्ट चोराला अडविते तीच आपल्यालाही अडविते. बोट अडकले असता काच हाताने खाली ओढू म्हटले तर ती ओढली जाणार नाही. बटण सोडले तर मोटर थांबेल, पण काच जिथे थांबली तिथेच, बोटावर, तशीच घट्ट राहील. माझ्या आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

गेल्या श्रावणातली आपली जेजुरीची सहल आठवते ना? त्या मोठ्या गाडीत ज्या होत्या त्यांच्या डोळ्यांपुढे तो प्रसंग अजून असेल. पावसाची सर आली म्हणून ड्रायव्हरने पुढून सगळ्या काचा चढविल्या. मागे न पाहताच. आमच्या शेजारच्या वहिनींच्या नातवाची बोटे काचेच्या काठावर होती. तो किंचाळला तशी ड्रायव्हरने बटण सोडले. पण काच तिथेच. आम्ही दोघी-तिघी काचेला लोंबकळल्यासारख्या झालो. काच केसभरही हलली नाही. इतक्यात मागे बसलेल्या एका मुलीने हात घालून त्या दाराचे बटण खाली दाबले आणि काच सर्रकन उतरली. बोटे सुजली, आठ दिवस काळीनिळी होती, पण हाड शाबूत राहिले. त्या मुलीच्या अंगात आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जोर नव्हता. काच हाताला दाद देत नाही, बटणाला देते, एवढेच तिला माहीत होते.

तेव्हा पहिली गोष्ट पाठ करा. काही अडकले तर काच ओढू नका. बटण खाली दाबा. मागचे बटण चालत नसेल तर ‘काच खाली करा’ असे पुढच्याला ओरडून सांगा. नुसते ‘थांबा, थांबा’ म्हणू नका. ‘थांबा’ म्हटले की तो थांबवतो आणि काच बोटावरच राहते.

मागचे बटण कधी कधी चालत नाही, असे मी म्हटले. ते का, हे कळायला बटणाची तारजोड थोडी समजून घ्यावी लागेल. मोटरीला दोन तारा असतात. एकीतून वीज आत आणि दुसरीतून बाहेर गेली की मोटर एका दिशेला फिरते. त्याच दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट दिशेला फिरते. बटण करते ते एवढेच. वर केले की एक जोड, खाली केले की उलटी जोड, आणि सोडले की दोन्ही तारा ऋण बाजूला जाऊन मोटर स्वस्थ. मागच्या काचेला दोन ठिकाणांहून हुकूम मिळतो, एक तिच्या दारावरच्या बटणाने आणि दुसरा ड्रायव्हरजवळच्या बटणांच्या पट्टीवरून. घरात जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही लागतो, तसे समजा.

या पट्टीवरच एक आणखी बटण असते. त्यावर बहुधा खिडकीचे लहानसे चित्र आणि फुली असते, किंवा कुलपाचे चित्र असते. ते दाबले की मागच्या दारांवरच्या बटणांची वीज तुटते. ड्रायव्हर मात्र सगळ्या काचा हलवू शकतो. मुले मागे बसली असता हे बटण दाबून ठेवावे. भाड्याच्या गाडीतही ड्रायव्हरला सांगावे, “भाऊ, मागे मुले आहेत, काचेचे लॉक टाका.” त्यात संकोच कसला? आपण पैसे मोजतो. फक्त एवढे ध्यानात असू द्या की, लॉक टाकल्यावर मागचे बटण खाली दाबूनही काच उतरणार नाही. तेव्हा काच खाली करणे हे पूर्णपणे पुढच्याच्या हाती असते. म्हणून लॉक टाकायचे आणि पुढच्याला सांगूनही ठेवायचे की, काच चढविण्यापूर्वी एकदा मागे पाहा आणि ‘काच लावतो’ असे मोठ्याने म्हणा.

आता बटणाच्या आकाराविषयी. काही जुन्या गाड्यांत बटण झोपाळ्याच्या फळीसारखे असते. एक टोक दाबले की काच उघडते, दुसरे दाबले की बंद होते. मूल सीटवर गुडघे टेकून बाहेर डोकावत असते. त्याचा गुडघा नेमका बंद होणाऱ्या टोकावर पडला तर काच वर येते आणि मान बाहेर असते. मुलाच्या मानेवर काच आली तर त्याला ओरडताही येत नाही. परदेशांत अशा तऱ्हेने मुले दगावली आहेत. म्हणून अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याने २००४ साली नियम केला की, मुलाच्या भाराने चुकून काच बंद होईल असे बटण असू नये. २००६ साली त्यात भर घातली की, बटण वर ओढल्यावरच काच बंद झाली पाहिजे. वर ओढायला बोट मुद्दाम घालावे लागते, गुडघ्याने ते होत नाही. नव्या गाड्यांत बहुधा हे वर ओढायचेच बटण असते. घरच्या गाडीत कोणते आहे ते आज घरी गेल्यावर पाहा.

कित्येकजणी म्हणतील, आमच्या गाडीची काच काही मध्ये आले तर आपोआप मागे फिरते. खरे आहे, अशी युक्ती आहे, आणि ती सुरेख आहे. मोटरीच्या दांड्यावर एक छोटेसे लोहचुंबक बसविलेले असते. दांडा फिरला की शेजारचा एक विजेचा तुकडा त्याचे फेरे मोजतो. स्वेटर विणताना आपण टाके मोजतो तसे. काच खालून वर जायला किती फेरे लागतात ते त्या यंत्राच्या ध्यानात असते. अजून फेरे बाकी आहेत आणि मोटर मंदावली, म्हणजे मध्ये काहीतरी आले आहे, असे ते ओळखते आणि मोटर उलटी फिरविते. हँडल फिरविताना जे आपल्या हाताला कळत असे, तेच हे मोजमाप यंत्राला कळवून देते. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत असे आहे की, आपोआप बंद होणाऱ्या काचेचा दाब १०० न्यूटनच्या पुढे जाण्याआधीच ती मागे फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलोचा भार. दहा किलो पिठाचा डबा बोटावर ठेवला तर दुखेल, पण बोट तुटणार नाही.

परंतु या युक्तीवर सारा भरवसा टाकू नये. त्याची कारणे सांगते. एक, ती सगळ्या काचांना असतेच असे नाही. पुष्कळ गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते आणि मुले ज्या काचांजवळ बसतात त्या मागच्या काचा साध्याच असतात. दुसरे, अगदी शेवटी, फट काही मिलिमीटर उरली की यंत्र अडथळा मोजणे सोडून देते. तसे केले नाही तर वरचे रबर हाच अडथळा समजून काच कधी पुरती बंदच होणार नाही. अमेरिकेच्या त्या नियमातही ४ मिलिमीटरपासून पुढच्याच फटीचा विचार आहे. त्याहून बारीक वस्तू, जसे पदराचे टोक, ओढणी, गळ्यातला दोरा, तिला कळत नाही. तिसरे, काही गाड्यांत बटण ओढून धरले तर ही युक्ती बाजूलाच राहते. आपल्या गाडीला ती आहे की नाही हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेले असते. परीक्षा पाहायचीच असेल तर वर्तमानपत्राची मऊ गुंडाळी मध्ये धरावी, हात मुळीच घालू नये.

बॅटरी काढून पुन्हा बसविली की बिचारे यंत्र आपले मोजलेले फेरे विसरते. मग एका दाबात पुरती चढणारी काच अर्ध्यावर थांबते किंवा उगाच मागे फिरते. घाबरू नये. पुष्कळ गाड्यांत काच पुरी खाली करून, मग पुरी वर नेऊन, बटण काही क्षण तसेच ओढून धरले की ते पुन्हा शिकते. नेमकी रीत त्याच पुस्तकात पाहावी. तोवर मागे फिरण्याची युक्ती काम करीलच असे धरू नये.

आता निगेविषयी थोडे, कारण इथे आपले पैसे वाचतात. आमच्या नात्यातल्या एकांची काच गेल्या पावसाळ्यात हळू हळू चढू लागली. एका गॅरेजवाल्याने ‘मोटर गेली, मशीनसकट बदला’ असे सांगून मोठा आकडा लिहून दिला. ते गाडी घेऊन भाऊजींकडे आले. भाऊजींनी दार उघडले तर मोटर ठणठणीत. काचेच्या खोबणीतले रबर चिखलाने आणि धुळीने भरून दगडासारखे झाले होते. ओल्या फडक्याने खोबण साफ केली, वाळविली, सिलिकॉनचा स्प्रे मारला आणि काच पूर्वीसारखी चढू लागली. तेव्हा काच हळू झाली की प्रथम खोबण पाहावी. काही बायका दयाळूपणाने खोबरेल तेल लावतात. तसे करू नका. तेलावर धूळ बसते आणि रबर बिघडते.

काच अडली असता बटण दाबून धरू नये, हेही सांगते. काच अडली की मोटरीला एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते आणि ती तापते. आत एक रक्षक असतो, तो तापला की वीज तोडतो. मग आपण म्हणतो, काच मेली. वीस मिनिटे थांबा, मोटर निवली की पुष्कळदा आपणच चालते. एकही काच चालत नसेल तर बहुधा फ्यूज उडालेला असतो. एकच काच चालत नसेल तर दार आणि गाडी यांच्यामध्ये जी रबरी नळी असते तिच्यातल्या तारा पाहाव्यात. दार हजारदा उघडते, हजारदा मिटते, त्या तारा वाकून वाकून आत तुटतात. काचेतून करकर आवाज येऊन ती आत पडली तर बहुधा दोरी तुटलेली असते. तिथे मात्र मशीन बदलावेच लागते.

पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतेच. ते जाण्यासाठी दाराच्या तळाशी बारीक भोके असतात. त्यात चिखल बसला की दारात पाणी साचते. दार लावताना खळखळ ऐकू येते. पाणी साचले की पत्रा गंजतो आणि मोटरही बिघडते. काडीने ती भोके मोकळी ठेवावीत. आपण नाही का पावसाळ्यापूर्वी गच्चीच्या पन्हाळीचे तोंड साफ करीत, तसेच.

शेवटची गोष्ट पाण्याचीच, पण ती फार मोठी आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी बंद गाड्यांत अडकून माणसे गेली. गाडी पाण्यात शिरली की बाहेरच्या पाण्याचा दाब दारावर बसतो आणि दार उघडत नाही. थोड्या वेळाने पाणी विजेच्या जोडापर्यंत पोचते आणि काचेचे बटणही मुके होते. गाडी पाण्यावर तरंगते ती साधारण अर्धा ते दोन मिनिटे. तेवढाच आपला वेळ. म्हणून क्रम असा ठेवावा. पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना बाहेर काढा, मग आपण. दाराशी झटत बसू नका, फोन करीत बसू नका. काच उतरत नसेल तर टोकदार हातोडीने दाराच्या काचेचा कोपरा फोडावा. दाराची काच बहुधा अशी असते की फुटली की तिचे बारीक बारीक खडे होतात. समोरची मोठी काच मात्र दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती अशी फुटत नाही. काही नव्या गाड्यांत दाराची काचही तशीच असते, म्हणून भरवसा हातोडीपेक्षा लवकर दाबलेल्या बटणावर ठेवावा. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे, पुलाखाली पाणी भरलेले दिसले की गाडी त्यात घालूच देऊ नये. घरच्या पुरुषमाणसाला हे सांगताना आपण भित्र्या ठरलो तरी चालेल.

तशीच एक गोष्ट उन्हाची. गाडीची किल्ली फिरविलेली नसेल तर बटण चालत नाही. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावर थोडा वेळ चालते, इतकेच. म्हणून मुलाला बंद गाडीत ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून सोडून जाऊ नये. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि मुलाला काच उघडता येत नाही. उलट किल्ली आत ठेवून गेलो तर ते बटणाशी खेळते. दोन्ही वाईट. मूल बरोबर न्यावे आणि किल्लीही बरोबर न्यावी.

आपल्या मुलींना पोळी करायला शिकविताना आपण सांगतो की, वाफेशी हात कसा न्यावा. गॅसचा कॉक कसा बंद करावा तेही दाखवितो. तितक्याच सहजतेने गाडीत बसताना बटणाचे सांगावे. खाली दाबले की उघडते, काच ओढायची नसते, हात-डोके बाहेर काढायचे नाही. चार वर्षांच्या मुलालाही हे समजते. एकदा दाखवून, त्याच्याकडून बटण खाली दाबवून घ्या. खेळ म्हणून शिकलेले मूल वेळेला विसरत नाही.

यंत्रात जोर आहे, पण माया नाही. ती आपण मागच्या सीटवर बसून पुरवायची असते. आज घरी जाताना ज्या गाडीत बसाल तिचे काचेचे लॉक कुठे आहे एवढे विचारलेत तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.